कपाटातल्या कॅसेटमधला आजीचा आवाज

तुमच्या घरात लग्नाची कॅसेट आहे का? हो, तीच. जाड काळी, पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यातली, वर नवरा-नवरीचा छोटा फोटो चिकटवलेली. बहुतेक घरांमध्ये ती असतेच. शोकेसच्या खालच्या कप्प्यात, दिवाणाच्या आत नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत. शेवटचं कधी पाहिलं होतं, ते कुणालाच आठवत नाही. टाकायचा धीर होत नाही आणि बघायला घरात व्हीसीआर उरलेला नाही.

आमचं मऊरानीपूर झाशी जिल्ह्यातलं, सुखनई नदीकाठचं गाव. जलविहार मेळ्यासाठी आणि शेजारच्या रानीपूरच्या टेरिकॉट कापडासाठी ओळखलं जाणारं. इथेही घराघरांत अशा कॅसेट पडून आहेत. पुण्यात, नागपुरात, बेळगावात, इंदुरात किंवा थेट न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या घरची गोष्ट काही वेगळी नसणार. म्हणून या वेळी बोलूया या कॅसेटमधलं चित्र आणि आवाज डीव्हीडीवर किंवा मोबाइलमध्ये कसे आणायचे याबद्दल. आणि हे काम 'बघू कधीतरी' म्हणून पुढे का ढकलू नये, याबद्दलही.

घाई कशासाठी?

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन आलं आणि त्यानंतर व्हीसीआर घराघरांत, निदान गल्लीगल्लीत पोहोचला. रात्रभरासाठी व्हीसीआर आणि टीव्ही भाड्याने आणून ओळीने तीन-तीन सिनेमे बघण्याच्या आठवणी आईबाबांना विचारून पाहा, चेहरा खुलेल. त्याच काळात लग्न, मुंज, बारसं यांचं शूटिंग करून घ्यायची पद्धत रुजली.

तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये साधारण अडीचशे मीटर लांब आणि अर्धा इंच रुंद फीत गुंडाळलेली असते. या प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर असतो. ते कण पट्टीला धरून ठेवण्यासाठी एक चिकट द्रव्य वापरलेलं असतं. आपलं चित्र आणि आवाज त्या कणांमध्ये साठवलेले असतात. वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषून ते चिकट द्रव्य कमजोर होतं, थर सुटू लागतो, फितीला बुरशी लागते. बुंदेलखंडातला ४५ अंशांचा उन्हाळा असो की कोकणातला चार महिन्यांचा पावसाळा, दोन्ही या फितीचे शत्रूच.

दुसरा प्रश्न यंत्राचा. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. आज जे व्हीसीआर चालतात, ते सगळे जुने. बिघडले की सुटे भाग मिळत नाहीत, दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. युनेस्कोने २०१९मध्ये आवाज आणि चित्रफितींच्या अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत एक इशाराच दिला होता, की चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रं २०२५च्या आसपास नेहमीच्या वापरातून जवळपास संपतील आणि त्याआधी डिजिटल न केलेलं बरंचसं कायमचं हातचं जाईल. ती वेळ येऊन ठेपली आहे. अजून यंत्रं मिळतात, कारागीर मिळतात, पण दर वर्षी थोडे कमी.

कॅसेटमध्ये फक्त लग्न नसतं

तुम्ही म्हणाल, लग्नाचे फोटो आहेत की अल्बममध्ये. मग कॅसेट कशाला? कारण फोटोत आवाज नसतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना हे जास्त जाणवेल. बुंदेलखंडात मराठी माणसं आली पेशव्यांच्या काळात. छत्रसालांच्या मदतीला बाजीराव धावून गेले ते १७२९मध्ये. पुढे झाशी, सागर, काल्पी, गुरसराय या भागात मराठी घराणी स्थिरावली. राणी लक्ष्मीबाईंचं लग्न १८४२मध्ये झाशीच्या गणेश मंदिरात झालं, ते मंदिर आजही आहे. मात्र अशा घरांमधली भाषा पिढीगणिक बदलत गेली. आजी मराठीत बोलायची, आईबाबा अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतात आणि नातवंडं ऐकून समजतात पण उत्तर हिंदीत देतात.

हिंदी-बुंदेलीच्या शेजारात घडलेली आजीची ती मराठी कुठल्या पुस्तकात छापलेली नसते. तिचे हेल, तिचे खास शब्द, मंगळागौरीला तिने म्हटलेली गाणी, सुनेला आग्रह करकरून घ्यायला लावलेला उखाणा, हे सगळं कुठे सापडणार? कदाचित १९९१मधल्या काकांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, मांडवाच्या कोपऱ्यात, दोन मिनिटांसाठी. कॅमेरावाला चुकून तिकडे वळला म्हणून टिपलं गेलेलं. तुमचं घर सुरतेला असो, हैदराबादला असो की लंडनला, हिशोब तोच. तेवढ्या दोन मिनिटांसाठी तीन तासांची कॅसेट वाचवणं परवडतं.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी व्हिडिओवाले शूटिंग झाल्यावर 'मिक्सिंग' करायचे. म्हणजे फुलांच्या, बदामाच्या चौकटी टाकायच्या आणि मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी लावायची. त्यामुळे सजवलेल्या डब्यातल्या मुख्य कॅसेटमध्ये आजीचे ओठ हलताना दिसतात, ऐकू मात्र गाणं येतं. पण काही घरांमध्ये मिक्सिंगच्या आधीची कच्ची कॅसेटही असते. तिच्यावर बहुधा फोटो नसतो, पेनने नुसतं 'भाग २' किंवा 'मास्टर' असं लिहिलेलं असतं. साधी दिसते म्हणून ती आधी रद्दीत जाते. तसं होऊ देऊ नका. मूळ आवाज तिच्यातच असतो.

घरच्यांनी जपलं म्हणून उरलं

जपलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेल्या र. पु. परांजपे यांचं १९०१मध्ये मुंबईत झालेलं स्वागतही त्यांनी कॅमेऱ्यात टिपलं. भारतीय माणसाने केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रणांपैकी ही. आज आपल्याला ती पाहता येत नाहीत. फक्त त्यांच्याबद्दल वाचता येतं.

दुसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. आज त्याचा काही भागच शिल्लक आहे. 'कालिया मर्दन' या १९१९च्या चित्रपटात बालकृष्णाचं काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं होतं. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ते नावारूपाला आणणारे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे शोधून काढले, त्यात फाळके कुटुंबीयांकडे राहिलेल्या रिळांचा मोठा वाटा होता. सात वर्षांची मंदाकिनी आज आपल्याला खेळताना दिसते, ती घरातल्या कुणीतरी ती रिळं टाकून दिली नाहीत म्हणून.

आपल्या घरच्या कॅसेटसाठी कुठलंही संग्रहालय शोध घ्यायला येणार नाही. आपल्या घरचे पी. के. नायर आपणच.

आधी ओळखा, कॅसेट कुठली आहे

सगळ्या कॅसेट एका ठिकाणी गोळा करा आणि वेगवेगळ्या करा. सर्वांत मोठी, पुस्तकाएवढी असते ती व्हीएचएस. तिच्यासारखीच पण बरीच लहान, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी असेल तर ती व्हीएचएस-सी. ती खास अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरमध्ये लावता येते. गाण्याच्या कॅसेटएवढी असेल ती व्हिडिओ ८, हाय ८ किंवा डिजिटल ८. त्याहून लहान, काडेपेटीपेक्षा जरा मोठी असते ती मिनी डीव्ही.

हे ओळखणं का गरजेचं? कारण प्रत्येकीचं यंत्र वेगळं. मिनी डीव्ही आणि डिजिटल ८ वर मुळातच डिजिटल नोंद असते. ती फायरवायर नावाच्या केबलने संगणकात जशीच्या तशी उतरवता येते, दर्जा अजिबात कमी होत नाही. त्यासाठी त्याच प्रकारचा चालू कॅमेरा लागतो. म्हणून तुमच्या काकांचा जुना हँडीकॅम आणि त्याचा चार्जर भंगारात देऊ नका.

लावण्याआधी एवढं करा

उत्साहाच्या भरात जुनी कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये घालू नका. कमजोर झालेली फीत एकदाच नीट चालेल अशा अवस्थेत असू शकते.

• कॅसेटच्या खिडकीतून उजेडात पाहा. फितीच्या कडेला पांढरी किंवा राखाडी पावडर दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका. ती यंत्रात पसरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. वेगळ्या पिशवीत ठेवा आणि अनुभवी माणसाकडून साफ करून घ्या.

• व्हीएचएसच्या कण्यावर, डाव्या बाजूला प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा असतो. तो तोडून टाका. मग त्या कॅसेटवर चुकून काही रेकॉर्ड होऊ शकत नाही.

• व्हीसीआर आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर तपासा. तो फीत चावत नाही ना, चित्र स्वच्छ येतंय ना, हे पाहा. व्हीसीआरच्या आतलं हेड असलेलं नळकांडं मिनिटाला १५०० वेळा फिरतं. त्यावर मळ असेल तर चित्रात बर्फासारखे ठिपके येतात. हेड आधी साफ करून घ्या.

• स्वच्छ दिसणारी कॅसेट पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिलेली फीत मोकळी होते.

• फीत तुटली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद हेडला लागतो. व्हीएचएसचा डबा पाच स्क्रूंनी बंद केलेला असतो. जाणकार माणूस तो उघडून फीत खास पट्टीने जोडतो किंवा दुसऱ्या डब्यात बसवतो.

• आमच्यासारख्या गावांत वीज कधीही जाते. फीत यंत्रात गुंडाळलेली असताना वीज गेली तर ती अडकू शकते. इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच काम करा.

स्टुडिओत द्यायची की घरीच करायचं?

दोन-तीनच कॅसेट असतील तर जवळच्या शहरातल्या जुन्या फोटो-व्हिडिओ स्टुडिओत चौकशी करा. ज्यांनी तेव्हा लग्नांचं शूटिंग केलं, त्यांच्यातल्या काहींनी आपली यंत्रं अजून सांभाळून ठेवली आहेत. आम्हाला झाशी किंवा ग्वाल्हेर जवळ पडतं. शक्य असेल तर कॅसेट स्वतः हाताने नेऊन द्या. एकुलती एक प्रत कुरिअरने पाठवण्याची जोखीम टाळलेली बरी.

काम देण्याआधी स्टुडिओवाल्याला हे प्रश्न नक्की विचारा. डीव्हीडीसोबत पेनड्राइव्हमध्ये फाइलही देणार का? मूळ कॅसेट परत मिळणार ना? पूर्ण कॅसेट उतरवणार की मधला भाग कापणार? चित्राचा आकार मूळ चौकोनीच ठेवणार ना? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. जुनं चित्र आजच्या टीव्हीसारखं लांबट ताणलं की सगळे पाहुणे जाडे दिसतात. गाणी, चौकटी, नवे रंग असलं काही नको असं स्पष्ट सांगा. आणि आधी एकच कॅसेट द्या. ती मनासारखी झाली की बाकीच्या.

घरीच करायचं असेल तर चालू व्हीसीआर, संगणक आणि यूएसबीवर चालणारं एक छोटं व्हिडिओ कॅप्चर यंत्र लागतं. व्हीसीआरच्या मागची पिवळी पिन चित्रासाठी, पांढरी आणि लाल आवाजासाठी. त्या कॅप्चर यंत्राला जोडा आणि ते संगणकाला. ओबीएस स्टुडिओसारखं मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग करतं. सेटिंगमध्ये 'पाल' निवडा, कारण आपल्याकडच्या कॅसेट त्याच पद्धतीच्या. परदेशातल्या नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेली कॅसेट मात्र 'एनटीएससी' असेल. पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून आवाज येतोय ना, तो फाटत नाही ना, हे ऐका आणि मगच पूर्ण कॅसेट लावा.

यात घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. रविवारी दुपारी एक कॅसेट, एवढा नेम ठेवला तरी दोन महिन्यांत आठ कॅसेट होतात.

डीव्हीडी की फाइल?

याचं उत्तर आहे दोन्ही. आजी-आजोबांच्या टीव्हीला डीव्हीडी प्लेअर जोडलेला असेल तर त्यांना डीव्हीडीच सोपी. पण साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी एवढीच जागा असते. चांगल्या दर्जात एक तास, मध्यम दर्जात दोन तास बसतात. तीन तासांचं लग्न एकाच डीव्हीडीत कोंबलं की चित्र फिकट, चौकोनी ठिपक्यांचं होतं. दोन डीव्हीडी करा.

घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा एक थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. त्यावर कागदी स्टिकर चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. डिस्कवर लिहायचं मार्कर पेन वापरा. आणि नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी घालायची सोयच नसते, हेही लक्षात असू द्या.

म्हणून मुख्य प्रत फाइलची ठेवा. एमपी ४ प्रकारची चांगली फाइल तासाला साधारण दोन ते तीन जीबी होते. मिनी डीव्ही जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी. आजकाल एआय वापरून जुनं चित्र चकचकीत करून देणारे अॅपही आहेत. हौस म्हणून जरूर करा, पण वेगळ्या प्रतीवर. ते अॅप अंदाजाने चेहरे भरतं आणि मग आजोबा आजोबांसारखे दिसत नाहीत. मूळ फाइलला हात लावू नका.

उतरवून झालं, आता पुढे?

फाइलला 'व्हिडिओ १' असं नाव देऊ नका. वर्ष, प्रसंग आणि गाव लिहा, म्हणजे '१९९४ – सुमनचं बारसं – झाशी' असं काहीतरी. नातवंडांना शोधता आलं पाहिजे.

प्रती तीन ठेवा. एक घरातल्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. ही तिसरी प्रत भावाच्या घरी पेनड्राइव्हमध्ये असेल किंवा क्लाउडवर. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबीच जागा मिळते, ती फोटोंमध्येच संपते, हे ध्यानात ठेवा. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर त्याचा दर्जा पार उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लिंक द्या.

सोशल मीडियावर टाकण्याआधी एकदा विचार करा. त्या चित्रात लहान मुलं आहेत, आता नसलेली माणसं आहेत, मोडलेली लग्नंही आहेत. ज्यांचा प्रसंग आहे त्यांना विचारूनच टाका.

मूळ कॅसेट लगेच फेकू नका. उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या. कोरड्या, सावलीच्या जागी, स्पीकर आणि मोटरपासून दूर. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ती फाइल घरातल्या वयस्कर माणसांसोबत बसून पाहा. शेजारी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. "या कोण?" "हे कुठल्या गावचे?" "ही साडी कुणी दिलेली?" असं विचारत जा. चित्र थांबवा, पुढे न्या, पुन्हा मागे आणा. नव्वदीच्या दशकातल्या मांडवातली निम्मी माणसं तुम्ही ओळखणार नाही. त्यांची नावं आज फक्त आत्याला किंवा मोठ्या काकूला माहीत आहेत. यंत्र उद्याही कदाचित मिळेल, पण आत्याच्या आठवणीची दुसरी प्रत कुठे मिळणार? कॅसेटसोबत तिचं बोलणंही जपलं गेलं तरच हे काम पूर्ण झालं म्हणायचं.

मुहूर्त हवाच असेल तर

दरवर्षी २७ ऑक्टोबरला युनेस्को जागतिक दृकश्राव्य वारसा दिन पाळते. आपली दिवाळीही त्याच्याच आगेमागे येते. साफसफाईत माळा उघडतोच, सगळं कुटुंब एकत्र येतं. या वर्षी फराळानंतर टीव्हीवर नवा सिनेमा लावण्याऐवजी घरचीच कॅसेट लावून बघा. लहान मुलांना आपले बाबा मुंजीत रडताना दिसले की ती जागची हलत नाहीत!

पण त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबायला हवं असं नाही. आज एवढंच करा. सगळ्या कॅसेट खाली काढा, कोरड्या कपड्याने पुसा आणि एका वहीत यादी करा, कुठली कॅसेट, कुणाचा प्रसंग, अंदाजे वर्ष. मग आत्याला एक फोन लावा. तिच्या ट्रंकेतही एखादी निघेल.